निळं बरं, की तपकिरी?

आमच्या स्वयंपाकघराची आणि शेजारच्या घराची भिंत एकच. पलीकडे शिवणयंत्र. सकाळी नऊला ते सुरू झालं की दुपारी एकपर्यंत थांबायचं नाही. त्यामुळे एकदा भर अकरा वाजता ते थांबलं, तेव्हा माझ्या हातातला डावही थांबला.

"मला एकटीला जाऊ द्या," शिवणबाई म्हणाली.

"जोडीचं आहे ते. जोडीनंच जायचं," तिचा नवरा म्हणाला.

"दोन वर्षं जोडी जोडी चाललंय तुमचं. इकडे माझी पाठ गेली."

"पाठीचंच बघतोय ना मी? तुलना चालू आहे माझी."

"तुलना! तुमची तुलना संपेस्तोवर तिकडे माणसाला दिसायचं बंद होईल."

मग दार आपटलं आणि पावलं बाहेर रस्त्याला लागली.

मी मनात म्हटलं, झालं. साठी आली आणि आता ह्यांचा काडीमोड. गॅस बारीक केला आणि सुई मागायच्या निमित्तानं पलीकडे गेले. माझ्याकडे सुया पुष्कळ होत्या. तिलाही ते माहीत होतं.

"भाऊजी तणतणत गेले ते?"

"जाऊ देत. येतील दोन दुकानं हिंडून," ती म्हणाली आणि सुई देता देता सगळं सांगितलं. भांडण संसाराचं नव्हतंच. बँकेच्या कार्डाचं होतं. निळं कार्ड बरं, की तपकिरी, ह्यावरून माणसं एवढी भांडतात हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊजी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. दोन गल्ल्या सोडून दुकान होतं, त्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांची चौतीस वर्षं गेली. नाकावर ते जड यंत्र ठेवायचं, एक काच सरकवायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "एक बरं, की दोन?" तुम्ही दोन म्हणालात की, "दोन बरं, की तीन?" इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नावच पाडलं होतं, एक-की-दोन. तोंडावर म्हटलं तरी चिडायचे नाहीत.

मी पहिल्यांदा डोळे तपासायला गेले तेव्हा मला काही केल्या फरक कळेना. घाबरून म्हटलं, "मला दोन्ही सारखंच दिसतंय हो."

"सारखं दिसतंय हेही उत्तरच आहे, वहिनी," ते म्हणाले. शाळेत मास्तरांनी एवढं समजून घेतलं असतं तर मी चौथीच्या पुढे गेले असते.

दिवसभर हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळं काय करणार? दात घासायचा ब्रश आणायचा तर दोन दुकानं. छत्री घ्यायची तर तिन्ही छत्र्या उघडून, मिटून, परत उघडून. शिवणबाई म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा बरं, मला बहीण एकच होती आणि तिचं लग्न झालेलं होतं."

ह्या विमानाच्या कार्डांचा नाद त्यांना लागला तोही दुकानातच. एक बाई आली. सारखा प्रवास करणारी, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. तिला बारीक अक्षर वाचता येईना. हातात बँकेचं पत्रक होतं, ते तिनं अक्षरांच्या तक्त्याऐवजी भाऊजींपुढे धरलं. "हे वाचता यायला हवं मला." आता बँकेच्या पत्रकाची अक्षरं म्हणजे मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तशी. भाऊजींनी काचा बदलल्या, खात्री करायला आधी स्वतः वाचलं, मग परत वाचलं. बाईंना चष्मा मिळाला. जाताना त्या म्हणाल्या, "म्हणजे दोघांपैकी मी कुठलं कार्ड घेऊ?" भाऊजी म्हणाले, "पत्रक ठेवून जा. गुरुवारी सांगतो."

तेव्हापासून चौकटीच्या कागदाची वही झाली.

मला जेवढं कळलं तेवढं सांगते. बँक आणि विमान कंपनी ह्यांची सोयरीक झालेली असते. कार्ड बँकेचं, वर नाव विमानाचं. तुम्ही त्या कार्डावर साबण घ्या, बूट घ्या, दिव्याचं बिल भरा, पॉइंट जमत जातात. वर्षभरात ठरलेला आकडा गाठला की एक व्हाउचर मिळतं. इथवर सगळ्यांचं सारखं. घोडं पेंड खातं ते पुढे.

निळ्या कार्डाचं व्हाउचर जोडीचं. पॉइंट देऊन एक खुर्ची घ्यायची, शेजारची दुसरी पॉइंटांशिवाय मिळते. पण ज्याच्या नावाचं कार्ड, तो स्वतः विमानात बसायला हवा. आपण घरी राहून दुसऱ्या दोघांना पाठवायचं, असं चालत नाही. तपकिरी कार्डाचं व्हाउचर वरच्या वर्गाचं. पॉइंट खालच्या वर्गाचे द्यायचे आणि बसायचं वर, जिथे खुर्ची आडवी होते आणि माणूस पलंगावर झोपावं तसं झोपतं. ते एकट्यालाही चालतं. कर दोन्हीकडे भरावाच लागतो, फुकटच्या खुर्चीलाही. आणि अशा व्हाउचरवाल्यांसाठी विमानात जागा ठेवतात दोन-चार, त्या आधी दुसऱ्या कुणी धरल्या की बसा बोंबलत.

सोमवारी चष्म्याचं दुकान बंद असायचं. त्या दिवशी भाऊजी इमारतीच्या दारातल्या पत्रपेट्यांखाली घडीचं टेबल मांडायचे. पुढे एक खुर्ची. शिवणबाईचं घर तळमजल्यावर, माझंही तळमजल्यावर, त्यामुळे आम्हा दोघींना सगळं ऐकू यायचं. सल्ल्याचं काही घ्यायचे नाहीत. अट एकच, बँकेचा कागद समोर आणायचा. तोंडी सांगितलेलं चालायचं नाही.

एकदा आमचा नळ दुरुस्त करणारा पोरगेला कारागीर आला, पाना हातातच.

"काका, फुकट आहे म्हणे?"

"फुकट काही नाही. वर्षाची फी आहे. विमानात किती वेळा बसतोस?"

"अजून एकदाही नाही."

"बसायचं आहे?"

"मला उंचीची भीती वाटते."

"मग कार्ड कशाला?"

"मिळतंय म्हणून."

"उद्या कुणी कवळी देतो म्हणालं तर दात काढून बसवशील?"

तो कागद घडी करून खिशात घालून गेला. नळ मात्र तसाच गळत राहिला, कारण आल्याचं कामच तो विसरला.

माझी नात आली. कामासाठी तिला महिन्याआड उडावं लागायचं.

"एकटी, की दुकटी?" भाऊजींनी विचारलं.

ती माझ्याकडे बघून लाजली. "सध्या एकटी."

"मग तपकिरी. दुकटी झालीस की परत ये, वही बदलू."

प्रत्येकाला हेच तीन प्रश्न असायचे. एकटे की दुकटे? तारीख हलवता येते का? पाठ धड आहे का? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसायचे, पण भाऊजी गंभीर. "चौदा तास ताठ बसायचं आहे. पाठ धरत असेल आणि एकटे असाल, तर डोळे मिटून तपकिरी घ्या." एका परिचारिकेला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी दारात शेंगा निवडत होते. पलीकडचं यंत्र हळू झालं, थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. पाठ हा शब्द निघाला की ते यंत्र नेहमी हळू व्हायचं. मी त्यातून काही अर्थ काढला नाही. मला वाटलं, दोरा तुटला असेल.

आता भांडणाचं मूळ. शिवणबाईची आई लहानपणीच गेली. तिला वाढवलं मोठ्या बहिणीनं. ही ताई लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलाकडे परदेशी गेली ती तिकडचीच झाली. अकरा वर्षांपूर्वी एकदा येऊन गेली होती. मग ह्या भांडणाच्या दोन वर्षं आधी तिचा फोन आला. डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग पडला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, केस दिसायचे, तोंडाच्या जागी नुसता धूर. डॉक्टर म्हणाले होते, कडेकडेनं उरलेलं आहे तेही हळूहळू जाईल.

"ये गं," ताई म्हणाली. "तुझं तोंड दिसतंय तोवर ये."

हिची पाठ अशी की शिलाईच्या स्टुलावरून दर तासाला उठून भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं. चाळीस वर्षं वाकून लोकांच्या विजारी आखूड करायच्या आणि पडदे लांब करायचे, त्याचं हे बक्षीस. तिकडे जायचं तर चौदा तास. झोपून जायला मिळालं तरच पोचणार.

भाऊजींकडे निळ्या कार्डाचं जोडीचं व्हाउचर तयार होतं. पॉइंटही होते. त्यांना वरच्या वर्गात दोन जागा हव्या होत्या, एकाच विमानात, एकाच दिवशी. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी ते बघायचे. एक जागा असायची, दोन नसायच्या. कधी जाताना दोन असायच्या आणि येताना एकही नाही. ती म्हणायची, एक आहे ना, त्या एकीवर मला बसवून द्या. ते म्हणायचे, जोडीचं व्हाउचर एकट्यावर वाया घालवायचं? शिवाय कार्ड माझ्या नावाचं, मी नाही बसलो तर तेही नाही.

"पण त्यांना एवढं काय पडलंय जोडीनं जायचं?" मी तिला त्या दिवशी विचारलं.

"देव जाणे. ताईशी ह्यांचं कधी धड दोन वाक्यं बोलणं नाही. आणि आता मलाच यायचंय, मलाच यायचंय." तिनं दाराकडे बघितलं. "मी एकटी गेले तर हरवेन असं वाटत असेल."

तिलाही खरं कारण ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच.

महिना-दीड महिना असाच गेला. ताईचा फोन यायचा. आधी ती म्हणायची, घड्याळाचे काटे दिसतात. मग म्हणायला लागली, घड्याळ दिसतं. भिंतीपलीकडून शिवणबाईचं बोलणं मला ऐकू यायचं, "हो ताई. बघतायत. आज-उद्या होईल." फोन ठेवला की यंत्र एवढ्या जोरात चालायचं की माझ्या फळीवरचे डबे हलायचे.

आणि एका गुरुवारी जागा मिळाल्या. दोन जाताना, दोन येताना. भाऊजींनी दुकानाला उशीर केला, जे त्यांनी चौतीस वर्षांत केलं नव्हतं, आणि पत्रपेट्यांजवळ उभं राहून फोन लावला. आत बोललं तर यंत्राचा आवाज होतो म्हणून. मी पत्रं काढायला गेले होते. ते क्रमांक सांगत होते, तारीख सांगत होते, मान डोलवत होते. मग मान डोलायची थांबली.

"नाही हो," ते म्हणाले. "अजून आठवडा आहे." मग ऐकत राहिले. मग, "एकोणीस?" म्हणाले.

व्हाउचर एकोणीस दिवसांपूर्वी संपलं होतं.

त्यांनी वही मागवली नाही, आत जाऊन स्वतः आणली. घडीचं टेबल गुरुवारी मांडलं. चष्मा कपाळावर सारून ते एका पानावर वाकले आणि तसेच राहिले. मी जवळ गेले तर त्यांनी बोट ठेवून दाखवलं. वरची ओळ तपकिरी कार्डाची. मुदत, दोन वर्षं, पत्र आल्यापासून. खालची ओळ निळ्याची. तिथे मुदतीच्या चौकटीत त्यांनी नुसती दोन टिंबं दिली होती. वरीलप्रमाणे.

निळ्याचं वरीलप्रमाणे नव्हतं. निळ्याची दोन वर्षं खर्चाचा आकडा पुरा होतो त्या दिवसापासून सुरू व्हायची, पत्र मागाहून सवडीनं यायचं. लोकांना मुंगीची अक्षरं वाचून दाखवणाऱ्या माणसानं स्वतःच्या वहीत दोन टिंबं दिली आणि पुढे गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांनी आधी काय केलं तर वही उलगडून बघितलं की आणखी कुणाकुणाला निळं घ्यायला लावलंय. दोघं निघाले, एक तिसऱ्या मजल्यावर, एक समोरच्या इमारतीत. दोघांकडे लगेच जाऊन आले. त्यांची मुदत शिल्लक होती. परत येऊन खुर्चीवर बसले, गिऱ्हाइकाच्या.

मग यंत्र थांबलं आणि शिवणबाई बाहेर आली. हातात बटणांचा डबा. तिला सांगायची गरजच पडली नाही, भिंतीला कान असतात आणि आमच्या इमारतीत तर दारंही उघडी. तिनं डब्यातली बटणं एका हातानं बाजूला केली, तळातून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"तपकिरी."

"कुणाचं?"

"नाव आहे वर. चष्मा कपाळावर आहे, खाली घ्या."

भाऊजींनी चष्मा खाली घेतला. नाव तिचं होतं. वरच्या वर्गाचं व्हाउचर, एका माणसाचं.

"कधी घेतलंस?"

"त्या दवाखान्यातल्या बाईला सांगत होतात ना, पाठ धरत असेल आणि एकट्या असाल तर डोळे मिटून तपकिरी. त्याच आठवड्यात फॉर्म भरला. दोरे, चेन, अस्तर, यंत्राचं तेल, सगळं ह्याच्यावरच घेते. पॉइंटही आहेत."

"मला बोलली नाहीस?"

"बोलले की. एकटीला जाऊ द्या म्हटलं. तुम्ही जोडी काढलीत."

"अगं, पण असं हातात आहे हे नाही सांगितलंस."

"तुमचा जीव अडकलेला जोडीत. म्हटलं, होऊ दे त्यांच्या मनासारखं. होत असेल तर."

भाऊजींनी पाकीट उलटसुलट केलं. सवय. "मुदत?"

"पाच महिने आहेत अजून."

"पत्रापासून धरलीस ना? ह्याचं पत्रापासून असतं."

"मला काय माहीत कशापासून असतं. बँकेला फोन केला, बाई म्हणाली अमुक तारीख, ती लिहून घेतली. तुमच्या वहीत माझी ओळ नव्हती, मग विचारावंच लागलं."

मी तिथून निघाले. नवरा-बायकोच्या मध्ये पत्रं घेऊन किती वेळ उभं राहायचं, ह्यालाही काही मर्यादा असते.

वीस दिवसांत ती निघाली. टॅक्सी दाराशी उभी. भाऊजींनी तिला पट्टा कसा लावायचा, खुर्ची आडवी करायचं बटण कुठे असतं, सगळं चार वेळा सांगितलं होतं. स्वतः विमानात एकदाही न बसता. टॅक्सीच्या खिडकीशी वाकून ते पाचव्यांदा बोलले तेव्हा मला वाटलं आता परत बटण. ते वेगळंच बोलत होते.

"ताईंच्या समोर उभी राहू नकोस. समोरून दिसणार नाहीस. खिडकीपाशी बस, उजेड तोंडावर घे, आणि त्यांच्या जरा उजव्या बाजूला हो. त्यांना म्हणावं, माझ्याकडे बघू नका, माझ्या कानाच्या मागे बघा. म्हणजे तोंड दिसेल."

"कानाच्या मागे," ती म्हणाली.

"आणि हे वाचून दाखव त्यांना." त्यांनी चष्म्याचं एक घर तिच्या हातात दिलं. आत घडी केलेला कागद होता. "तिथे गेल्यावर. आधी नको."

टॅक्सी गेली. यंत्र तीन आठवडे बंद राहणार. मला स्वयंपाकघरात चुकल्यासारखं व्हायचं. चौथ्या दिवशी नऊ वाजता ते सुरू झालं आणि मी दचकले. जाऊन बघते तर भाऊजी स्टुलावर बसून नुसतं पायडल मारत होते. सुई काढून ठेवली होती.

"गंजू नये म्हणून," ते म्हणाले.

"तीन दिवसांत गंजतं होय?"

"ते तुलना करून बघितलं नाही," ते म्हणाले.

ती आल्यावर मला कळलं कागदात काय होतं ते. अकरा वर्षांपूर्वी ताई आली तेव्हा भाऊजींनी तिला दुकानात नेऊन डोळे तपासले होते. एक बरं, की दोन? ताईनं पुष्कळदा म्हटलं, कळत नाही. भाऊजींनी नंबर वाढवून चष्मा दिला आणि सांगितलं, काही नाही, वयाचं आहे. आता फोनवर धुराच्या डागाचं ऐकल्यापासून त्यांना वाटत होतं की डाग तेव्हाच सुरू झाला असणार आणि आपण तो बघितला नाही. हे त्यांना ताईला समोर बसून सांगायचं होतं. फोनवर नाही. जोडीची सगळी धडपड एवढ्यासाठी.

"मग? ताई काय म्हणाली?"

शिवणबाई बॅगेतून कपडे काढत होती. "आधी कानाच्या मागे बघून घेतलं. बराच वेळ बघत होती. म्हणाली, तू म्हातारी झालीस. मी म्हटलं, तूही. मग वाचून दाखवलं. आत काय ते मलाही वाचेस्तोवर माहीत नव्हतं. ऐकून म्हणाली, त्याला म्हणावं, तेव्हाच मला रेघा वाकड्या दिसत होत्या. मला वाटलं, ह्यांच्या दुकानात तक्ता वाकडा टांगलाय. चार दिवसांची पाहुणी, कशाला बोलून दाखवा? मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. फ्रेम मात्र अजून चांगली आहे म्हणाली."

भाऊजी दारात उभे होते. हे त्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं असणार, कारण ती त्यांना टॅक्सीतच सांगून मोकळी झाली होती. तरी पूर्ण ऐकलं, आणि मग बॅग उचलून आत नेली.

त्यानंतर दुकानात नोकरी होती तोवर प्रत्येक वयस्कर माणसाला ते काचा लावायच्या आधी खिडकीचे गज दाखवायचे. "सरळ आहेत ना? एकही वाकडा नाही ना?" मालकाला वाटायचं, खिडकीच्या चौकशीत वेळ जातो. दोघांना त्यांनी वेळेवर डॉक्टरकडे धाडलं, असं ऐकलं. मी स्वतः बघितलेलं नाही.

टेबल सोमवारी मांडायचेच. पण वहीतली सगळी टिंबं त्यांनी खोडली आणि प्रत्येक चौकटीत पूर्ण अक्षरात लिहिलं. आणि एक नवीन काम लावून घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, टेबल मांडायच्या आधी, ज्याची मुदत जवळ आली असेल त्याच्या दाराखालून चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त कार्डाचा रंग, तारीख, आणि खाली ठरलेलं वाक्य, 'बँकेला विचारून घेतली आहे.' नंतर दोन टिचक्या दारावर, आणि वहीत खूण. लोक थट्टा करायचे. तिसऱ्या मजल्यावरचा म्हणायचा, "काका, बँकसुद्धा एवढं करत नाही." भाऊजी म्हणायचे, "बँकेला कशाला पडलंय, संपलं तर तिचंच वाचतं."

निवृत्त झाल्यावरही चार वर्षं हे चाललं. ताईला तोवर अजिबात दिसेनासं झालं, पण फोनवर ती भाऊजींशी बोलायची. आधीपेक्षा जास्त. दोघं काय बोलतात विचारलं तर शिवणबाई सांगायची, "हवामान. इकडे ऊन बरं, की तिकडे पाऊस." ह्या चार वर्षांत भाऊजींनी निळं कार्ड पुन्हा पहिल्यापासून चालवलं आणि जोडीचं दुसरं व्हाउचर मिळवलं.

ते गेले एका सोमवारी दुपारी. टेबल आवरून आत आले, स्टुलावर बसले, आणि पुन्हा उठले नाहीत. शिवणबाईनं हाक मारून मला बोलावलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. निळं व्हाउचर त्यांच्याबरोबर संपलं. ज्याच्या नावाचं कार्ड तो विमानात बसायला हवा, ही अट मला त्यांनीच समजावली होती. शिवणबाई पुढच्या महिन्यात तिकडे जातेय. तपकिरीच्या नव्या व्हाउचरवर, एकटी.

ते गेले त्याच सोमवारी सकाळी मी दारातच बसले होते, गुडघ्यांना ऊन देत. भाऊजी वही बगलेत आणि चिठ्ठ्या हातात घेऊन बाहेर आले. पहिली चिठ्ठी माझ्या नातीची होती, तिची माझ्याच दारी टाकायचे. ती आता दुकटी झाली आहे आणि तिचं कार्ड निळं आहे.

"हातातच द्या की," मी म्हटलं. "मी समोर बसलेय."

"नियम म्हणजे नियम, वहिनी. पाय जरा घ्या." त्यांनी वाकून चिठ्ठी माझ्या दाराखालून आत सरकवली, दोन टिचक्या मारल्या, वहीत खूण केली.

मग वळले आणि स्वतःच्या दारापाशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, आत यंत्र चालू होतं. त्यांनी वाकून तिथेही एक चिठ्ठी सरकवली आणि दोन टिचक्या मारल्या. ती चिठ्ठी नंतर शिवणबाईनं मला दाखवली. रंग निळा, तारीख, बँकेला विचारून घेतली आहे. आणि त्याखाली, जे दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवर कधी नसायचं, 'वरच्या वर्गात दोन जागा सापडल्या आहेत. तुला जोडीनं जायचं आहे का? कळव.'

यंत्र थांबलं. कागद उचलल्याचा आवाज आला.

"अहो," आतून ती म्हणाली, "हे तोंडानं विचारता येत नाही?"

"लेखी बरं," भाऊजी म्हणाले.

"जाऊ या. आणि येताना पांढरा दोरा आणा, संपलाय."

"कुठल्या दुकानातून?"

"कुठल्याही!"

भाऊजींनी वहीत त्या ओळीपुढे खूण केली, उरलेल्या चिठ्ठ्या नीट एकावर एक केल्या, आणि कठड्याला धरून तिसऱ्या मजल्यावर निघाले.